शिकाऊ चोराची पगारवाढ

चोराच्या घरी जायचं, त्याच्या आईने केलेला चहा प्यायचा आणि पिता पिता डोळे भिंतींवरून फिरवायचे, हा माझा धंदा होता. सरकारने त्याला 'परिविक्षा अधिकारी' असं भारदस्त नाव दिलं होतं, वर पगारही द्यायचं. निवृत्त होऊन बरीच वर्षं झाली, पण खोड जात नाही. परवा सुनेच्या माहेरी गेले. विहीणबाईंचा नवा फ्रिज पाहिला आणि माझ्या मनाने लगेच रकाना भरायला घेतला: उत्पन्नाचा स्रोत? सून हळूच म्हणाली, "आई, तुमी फक्त चहा प्या."

हे काम काय असतं ते आधी सांगते. एकवीसच्या आतला पोरगा गुन्ह्यात सापडला आणि तो सिद्ध झाला, तरी जज त्याला लगेच जेलात धाडत नाहीत. आमच्याकडे कागद येतो: याच्या घरी जा, गावात विचारपूस करा, पोरगा सुधारण्यासारखा आहे का ते कळवा. मग मी जायची. आईबापांशी बोलायचं, मास्तरांना भेटायचं, पारावरच्या म्हाताऱ्यांचं ऐकून घ्यायचं आणि तीन पानी अहवाल लिहायचा. शेवटचा रकाना 'अभिप्राय'. मी तिथे बरं लिहिलं तर पोरगा चांगल्या वागणुकीचा बॉण्ड लिहून देऊन घरी, आणि वर्षभर दर महिन्याला माझ्या टेबलासमोर सहीला. वाईट लिहिलं तर बहुधा आत. म्हणजे एकोणीस-वीस वर्षांच्या पोराचं पुढचं आयुष्य माझ्या बॉलपेनच्या टोकावर, आणि ते बॉलपेनही पावसाळ्यात धड चालत नसे.

तेव्हाची मी कशी होते? चाळिशीच्या दारात उभी, आणि अक्कल मात्र अजून दाराबाहेर. कडक इस्त्रीची सुती साडी, खांद्याला पोत्याएवढी पर्स, आणि गॉगल डोक्यावर. डोळ्यांवर लावला तर संशय नीट घेता येत नाही, म्हणून डोक्यावर. मी घरात शिरले की पाच मिनिटांत त्या घरात पैसा कुठून येतो ते सांगते, अशी माझी ख्याती होती. ती ख्याती मीच पसरवली होती. दारातल्या चपला मोजा, तेलाची बाटली किती भरली आहे ते पाहा, चहात साखर किती पडली ते जिभेवर ठेवा, की झालं, असं मी नव्या लोकांना शिकवत असे. कारंज्याच्या स्टँडवर खिसे मारणारा एक पोट्टा माझ्याकडे सहीला यायचा. तो एकदा उठता उठता म्हणाला, "म्याडम, तुमच्या पर्सची चेन मांगून उघडते. दुरुस्त करून घ्या." मी त्याला झापलं. घरी येऊन पाहिलं तर खरंच उघडत होती. त्या दिवशी माझी ख्याती जरा आखडती घ्यायला हवी होती. घेतली नाही.

आता मूळ गोष्टीवर येते.

इंझोरीच्या पुढे आत एक रस्ता जातो. त्या रस्त्यावरच्या गावाचं नाव मी लिहीत नाही. तिथे दिवाळी अंक जात नाहीत असं तुम्हाला वाटत असेल, पण मला तशी खात्री नाही. त्या गावातले संजय आणि गजानन, दोघेही एकोणीसचे, एका विहिरीवरची केबल चोरताना सापडले. विहिरीतल्या मोटारीपासून वरच्या स्टार्टरच्या पेटीपर्यंत जी केबल येते तिच्यात तांबं असतं. केबल तोडायची, जाळायची, वरचं रबर जळून गेलं की उरलेलं तांबं भंगारात विकायचं, असा तो धंदा. या दोघांनी ती जाळली भरदुपारी, गावाजवळच्या नाल्यात. काळाभोर धूर चढला. वावरात निंदणाऱ्या बायका काय पेटलं म्हणून पाहायला गेल्या, तर हे दोन विद्वान काडीने रबर ढोसत बसलेले. त्याआधी एकदा त्यांनी असाच हात मारला होता, तेव्हा दोघांत मिळून साडेतीनशे रुपये आले होते. ज्याची केबल गेली त्याला नवी घ्यायला सात हजार लागले. चोराला मिळतं त्याच्या वीसपट शेतकऱ्याचं जातं. हा चोरीचा पहिला धडा, आणि तो चोरालाही उशिराच कळतो.

दोघांच्या चौकशीचे कागद एकत्रच आले. आमच्या ऑफिसचे शिपाई पठाणचाचा यांच्या एम-एटी गाडीवर मागे बसून मी निघाले.

आधी गजाननचं घर. दारात फाटकं पोतं, त्यावर त्याची आई बसलेली. लुगड्याला तीन ठिगळं. आत चूल, दोन जर्मनची भांडी, आणि खुंटीवर काहीच नाही. त्याचा मामा हात जोडून उभा. "म्याडम, कुठी बसवू तुमाले, जागाच नाई. गरिबाचं घर हाये जी." चहा आला तो बिनदुधाचा. माझं काळीज पाघळलं. मी लिहिलं: 'कुटुंब अत्यंत हलाखीत. आई सोशिक. गुन्हा परिस्थितीमुळे घडलेला. सुधारणेस वाव.'

मग संजयचं घर. आत शिरले आणि माझी भुवईच चढली. खुर्ची, तिच्यावर विणलेला रुमाल. स्टुलावर टेबलफॅन. भिंतीला घड्याळ. चकचकीत स्टीलचे डबे उतरंडीने लावलेले. खाटेवर फुलाफुलांची नवी चादर. संजयची आई शांताबाई, नवरा वारलेला, मोलमजुरी करणारी. डोक्यावर पदर घेऊन पुढे आली. चहा आला कपबशीत, कपाला सोनेरी काठ, आणि साखर इतकी की चमचा उभा राहावा.

मी विचारलं, "काय काम करता?"

"निंदाले जातो, सोंगणीले जातो. जवा भेटीन तवा."

"आणि संजय?"

"कारंज्याले मार्केटात हमाली करे जी. आता हे असं होऊन बसलं."

ती बोलत होती आणि मी फॅनकडे पाहत होते. निंदणाच्या मजुरीत टेबलफॅन? हमालीत सोनेरी काठाचे कप? दारात पठाणचाचा तोंडाला रुमाल लावून हसत होते. मला वाटलं, चोरांच्या या निर्लज्जपणाला हसताहेत. मीही मनातल्या मनात हसले.

त्या संध्याकाळी मी जे वाक्य लिहिलं ते मला अजून पाठ आहे. 'कुटुंबाचे राहणीमान ज्ञात उत्पन्नाशी विसंगत असून, मुलाने यापूर्वीही अनेक गुन्हे केले असावेत असा दाट संशय आहे.' 'दाट' खाली रेघ मारली. वाक्य एवढं आवडलं की नवऱ्याला वाचून दाखवलं. तो पेपर वाचत होता, त्यातून डोकं न काढता "वा" म्हणाला. मला तेवढं पुरलं.

गजाननला बॉण्ड मिळाला. संजयला सहा महिने.

गजानन दर महिन्याला वेळेवर सहीला यायचा. कपाळाला गंध, हातात कापडी थैली, बोलणं खाली मान घालून. मी त्याचं उदाहरण बैठकीत सांगायची. बाहेरच्या बाकाखाली थैली ठेवून तो आत यायचा, मी त्याला चांगल्या संगतीवर दहा मिनिटं भाषण द्यायची, तो "व्हय जी" म्हणायचा आणि थैली उचलून जायचा. पुढे काही वर्षांनी त्याचं लग्न झालं. तेव्हा पेढे घेऊन आला आणि हसत हसत म्हणाला, "म्याडम, आता सांगाले हरकत नाई. थ्या थैलीत तांबं राहे." माझ्या सहीला म्हणून तो वाशीमला आमच्या ऑफिसात यायचा, कोणी हटकलं तर कोर्टाचा कागद दाखवायचा, आणि परतताना भंगारात माल टाकून जायचा. चोरीचा माल वर्षभर माझ्याच बाकाखाली! आणि आत मी एक्स-रे मशीन बसलेली.

मी विचारलं, "मग सोडलं कधी?"

"थे आपोआपच सुटलं जी. शंभर-दोनशे भेटत. वर जीव धाकात. आमाले येतच काय होतं? केबल तोडाची न जाळाची. मामानं दालमिलमधी लावून देल्लं, तिथं रोज जास्त पडे. मंग कोण जाते मरमर कराले?"

हे वाक्य ध्यानात ठेवा. सभांमध्ये मोठमोठ्या लोकांनी पोरं का सुधारतात यावर जे काही सांगितलं, त्यापेक्षा मला ते जास्त खरं वाटतं. नवशिक्या चोराची कमाई भिकार असते. त्याला त्या भिकार कमाईवरच राहू दिलं, आणि शेजारी दुसरं काही काम असलं, तर बरेच जण कंटाळून सोडतात. माझ्या भाषणाचा त्यात काडीचा हात नव्हता.

संजयचं काय झालं ते आता सांगते.

तो सुटून आल्यावर दोनेक महिन्यांनी मी दुसऱ्या चौकशीसाठी त्याच गावात गेले होते. म्हटलं, शांताबाईंकडे डोकवावं. खरं सांगायचं तर काळजी म्हणून नव्हते गेले. जेलातून आल्यावर घरात आणखी काय काय आलं, ते पाहायचं होतं. आत गेले तर घर रिकामं. खुर्ची नाही, फॅन नाही, घड्याळ नाही. शांताबाईंनी गोणपाट अंथरलं आणि स्टीलच्या पेल्यात चहा दिला.

मी अगदी फौजदाराच्या सुरात विचारलं, "सामान कुठे गेलं? विकलं?"

"कोणतं सामान, बाई?"

"फॅन, खुर्ची, डबे, कपबश्या."

ती बाई हसली. "थे माह्यं कुठी होतं? सारं गल्लीतलं. खुर्ची अंगणवाडीच्या बाईची, फॅन दुकानदाराचा, कप देवकाबाईच्या सुनेचे, लग्नातले. तुमी कोर्टातून येऊन राह्यल्या म्हनून मांगून आनलं. पोरगी पाहाले पाहुने येतात तवा आनतोच ना आपन? म्हटलं, घर चांगलं दिसलं तं साहेबाले वाटंन, चांगल्या घरचं पोरगं हाये, सोडून देतीन."

मी पेला खाली ठेवला. पाहुण्यांसाठी गल्लीतल्या वस्तू आणून घर मांडायचं, हे काय मला माहीत नव्हतं? मला पाहायला आले तेव्हा माझ्या आईने चार घरच्या पितळी समया आणल्या होत्या, आणि एक परत करताना वातीसकट परत केली म्हणून भांडण झालं होतं. तरी माझ्या डोक्यात आलं नाही. कारण मी पाहुणी नव्हते, अधिकारी होते, आणि अधिकाऱ्याला फक्त चोरी दिसते. गजाननचा मामा मात्र ग्रामपंचायतीत ऊठबस असणारा. घरकुलाची यादी, रेशनचा सर्वे, सगळं पाहिलेला. सरकारी माणूस दारात आला की सामान लपवायचं असतं, हे त्याला पक्कं माहीत होतं. त्यांचा टीव्ही दोन घरं सोडून गोधडीखाली झोपला होता, हेही त्या दिवशी शांताबाईंकडूनच कळलं. शांताबाईच्या दारात आजवर कुठलीच योजना आली नव्हती, म्हणून तिने आम्हाला पाहुणे समजून घर सजवलं. ज्याने लपवलं त्याचा पोरगा सुटला, जिने मांडून दाखवलं तिचा आत गेला. आणि मी एक प्रश्न विचारला असता, "हे तुमचं का?" एवढाच, तरी भागलं असतं.

परतताना गाडीवर पठाणचाचांना सांगितलं. ते म्हणाले, "म्याडम, उस घर में तो बत्तीच नै थी. मीटर नै, वायर नै. पंखा खाली शो के वास्ते रखेला था. मै इसीच वास्ते हस रहा था. मैने सोचा, आपने देखा होगा." मी गॉगल डोळ्यांवर घेतला. डोळे लपवायला तो पहिल्यांदाच कामी आला.

अहवाल दुरुस्त करता येत होता का? शिक्षा भोगून झाली होती. पठाणचाचांशिवाय कुणाला सांगितलं का? नाही. ही माझी चूक मी पोटात ठेवली, आणि नोकरी पुढे चालू.

संजय आत गेला तेव्हा केबल जाळणारा पोरगा होता. बाहेर आला तो कारागीर होऊन. सहा महिन्यांत त्याला जुन्या, मुरलेल्या चोरांनी सगळं शिकवलं. केबलीला हात लावू नको, अख्खी मोटार ने. धूर करू नको, तांबं सोलायचं असतं. कोणत्या घरी लग्न आहे, कोण बाजाराला गेलंय, ते आधी काढ. आणि मुख्य म्हणजे कोणता भंगारवाला अर्ध्या भावात लुटतो आणि कोणता पुरा भाव देतो. हा शेवटचा धडाच खरा पैशाचा. एका मोटारीत आता त्याला महिन्याच्या मजुरीएवढं सुटू लागलं. आणि दुसऱ्या बाजूने मजुरीच बंद झाली. कारंज्याचा जो अडत्या त्याला हमालीला घ्यायचा तो म्हणाला, "बापू, पोत्यावर चोर ठेवला तं लोक मलेच चोर म्हनतीन." पीक कापणाऱ्या सोंगणीच्या टोळीतूनही वगळलं. म्हणजे सरकारने आणि मी मिळून त्याची चांगली कमाई बंद केली आणि वाईट कमाई वाढवून दिली. आमच्या खात्यात पगारवाढीसाठी लोक वर्षानुवर्षं अर्ज करतात, याला सहा महिन्यांत मिळाली.

मध्ये एकदा तो पुन्हा सापडला, वर्षभर आत राहिला, आणखी हुशार होऊन आला. मी त्याचं नाव पोलिसांच्या यादीत वाचायची आणि पान उलटायची.

सात-आठ वर्षं अशी गेली असतील. एका दुपारी तो माझ्या ऑफिसात उभा. अंगाने भरलेला, शर्ट चांगला, पण बसायला सांगितलं तर बाकाच्या अगदी काठावर बसला. मी आधी पर्स मांडीवर घेतली. लपवत नाही, घेतली.

"म्याडम, काम पाह्यजे."

"माझ्याकडे कुठलं काम?"

"कोनाले सांगून द्या. मोटारीचं दुकान असन तं."

"तुझी कमाई चांगली आहे म्हणतात."

तो म्हणाला, "पैसा येते जी, पन दाखवता येत नाई. माय म्हनते, लाइट घे, फॅन घे. घेतला का जमादार इचारते, कुठून आनला. पोरगी पाहाले जा तं बाप इचारते, काय करता. काय सांगू?"

मला राहवलं नाही. इतक्या वर्षांचं पोटातलं ओठावर आलं. म्हटलं, "संजय, तुझ्या पहिल्या केसमध्ये अहवाल मी लिहिला होता. तो चुकीचा होता."

"माहीत हाये," तो म्हणाला. "जजसाहेबानं वाचून दाखोला होता. 'विसंगत'. मले तं विसंगत म्हंजे काय थेच माहीत नवतं. आत एका काकाले इचारलं. त्यानं सांगतलं, म्हंजे तुह्या घरी पंखा जास्त होता."

मी विचारलं, "तरी माझ्याकडेच काहून आलास?"

"सरकारात दुसरं कोन वयखीचं हाये माह्या?"

हे तो खरं बोलत होता, की मला बरोबर जागी टोचून काम काढून घेत होता? आजही सांगता येत नाही. धंद्यात मुरलेला माणूस. समोरच्याची कुठली चेन मागून उघडते हे त्याला कळणारच. पण टोचलं ते खरंच होतं. मी पर्स मांडीवरून खाली ठेवली, म्हणजे पायाशी ठेवली, आणि केनवडच्या बबनराव मिस्त्रींना फोन लावला.

बबनरावांचं केनवडच्या बाजारात मोटार रिवाइंडिंगचं दुकान. जळालेली मोटार खोलायची, आतल्या तारेचे वेढे नव्याने भरायचे आणि विहिरीवर जाऊन बसवून द्यायची. माझ्या सासऱ्यांच्या वेळेपासूनची ओळख. मी काही लपवलं नाही. लपवलेलं घर एकदा पाहून झालं होतं. पोरगा कोण, काय करायचा, सगळं सांगितलं.

बबनराव म्हणाले, "म्याडम, त्याले मोटारीचं काम येते का?"

"उघडायला येतं. बसवायला शिकवावं लागेल."

ते फोनवर एवढे हसले की मला वाटलं जमलं. जमलंच. गाव लांबचं, तिथे त्याला कोणी ओळखत नव्हतं, पण बबनरावांनी गिऱ्हाइकांना स्वतःच सांगून टाकलं. म्हणाले, मागून कळण्यापेक्षा माझ्या तोंडून कळू दे. रोजाची मजुरी मिळायची ती जुन्या कमाईच्या पासंगालाही पुरणारी नव्हती. पहिले सहा महिने मी दर पंधरा दिवसांनी काही ना काही निमित्त काढून दुकानावर जायची आणि त्याच्या पायातली चप्पल पाहायची. नवी दिसली की मनात लगेच तिची किंमत लावायची.

वर्ष निघालं. मग एके सकाळी बबनरावांचा फोन. आवाज बसलेला.

"म्याडम, दादाराव पाटलाची मोटार गेली. आठ दिवसाखाली आपल्या संजयनंच बसवली होती. मानसं दुकानावर जमले हायेत. पोलिसात जातो म्हनतात. तुमी या. तुमचा मानूस हाये. ठेवा म्हनसान तं ठेवतो, काढा म्हनसान तं काढतो. पन या."

एसटीने जाताना मला काय वाटत होतं? हेच, की केली असणार. एवढा पगार सोडून एवढ्याशा रोजावर कोण राहतं? मोटार कुठे बसवली, पेटी कुठे, कुत्रं बांधतात की नाही, सगळं त्याला माहीत. आम्हीच त्याला प्रत्येक विहिरीवर नेऊन सोडला. माझ्या मनात अहवाल तयार होत होता, आणि त्यातल्या एका शब्दाखाली रेघही पडली होती.

दुकानासमोर पंधरा-वीस माणसं. संजय आत, खोललेल्या मोटारीपुढे उकिडवा बसलेला. दादाराव तोंड सोडून बोलत होते. "कुत्र्याचं शेपूट! कुठी सरळ व्हते काय? म्याडम, तुमी याले आनलं, आता तुमीच सांगा."

मी संजयला विचारलं, "तू केली?"

"नाई."

बस. शपथ नाही, आईची आण नाही, रडणं नाही. मला एकदम सुचलं, याला जे येतं तेच विचारावं.

"तू नेली असती तर कशी नेली असती?"

संजयने मान वर केली. मग उठला आणि म्हणाला, "विहीर दाखवा."

आमची सगळी वरात दादारावांच्या वावरात. संजयने वाकून पाहिलं. पाइप कुऱ्हाडीने तोडलेला. स्टार्टरपासून केबल तशीच लोंबत होती, दहा-बारा हात. दोर ओढताना विहिरीच्या काठाचा दगड ढासळलेला.

तो दादारावांना म्हणाला, "भाऊ, मी नेतो तं पाना लावून पाइप खोलतो. कुऱ्हाडीचा आवाज दूर जाते. आन ही केबल सोडून जात नाई, हे तांबं हाये, हे पह्यले काढतो. हे शिकाऊचं काम हाये. आत न गेलेल्याचं."

कोणीतरी हसलं. दादाराव हसले नाहीत. "मंग कोन हाये थो? सांग. तुले माहीत असन."

"माहीत नाई. आन असतं तरी सांगतलं नसतं."

"काहून?"

"त्याले या मोटारीचे चार-पाचशे भेटतीन. भंगारवाला त्याले लुटन. आखीन एकदा करन, आखीन लुटल्या जाईन, मंग सोडून देईन. त्याले आत धाडसान तं थो मी होऊन येईन. मंग दरसाल एक मोटार घ्या लागन तुमाले."

असं बोलणं मी कुठल्या सभेत ऐकलं नव्हतं. आणि त्याच वेळी मनाच्या मागच्या कोपऱ्यात माझा तो जुना संशय बसलेलाच होता: शिकाऊचं काम वाटावं म्हणून मुद्दाम कुऱ्हाड चालवली नसेल कशावरून? दहा हात तांबं सोडून बाकीची मोटार पचवायची, हा हिशोब मुरलेल्या माणसाला परवडतो. तो खरं बोलत होता, किंवा फार हुशार होता, किंवा दोन्ही. विहिरीच्या काठावर उभं राहून यातलं नेमकं काय, ते सांगणारा माणूस मला अजून भेटायचा आहे. ती मोटार पुढे सापडली नाही. चोरही सापडला नाही.

गर्दी पांगली नव्हती. बबनरावांनी मला बाजूला घेतलं. "म्याडम, माह्या दुकानाची इज्जत हाये. एकच सांगा. तुमाले याची खात्री हाये ना?"

समोर संजय त्या तुटलेल्या पाइपाकडे पाहत उभा होता. त्याला ऐकू येत होतं. काढा म्हटलं असतं तर संध्याकाळपर्यंत तो कुठे गेला असता आणि उद्यापासून किती कमावू लागला असता, हे त्याला, मला आणि बबनरावांना, तिघांनाही माहीत होतं.

मी म्हणाले, "नाही. खात्री मला एकदाच झाली होती बबनराव, तेव्हा पोरगा आत गेला. ठेवा त्याला."

बबनरावांनी खूप वेळ कानामागे खाजवलं. मग दादारावांकडे वळून म्हणाले, "पाटील, पुढच्या मोटारीची बसोनावळ मी घेत नाई. पन बसवन हाच."

कमरेवरचे हात काढून दादारावांनी धोतराचा सोगा खोचला आणि संजयला म्हणाले, "ह्या बारीनं बोल्ट कसून बसव. आन मी इथंच उभा राह्यतो."

"राहा ना जी," संजय म्हणाला. "दोर धराले मानूस लागतेच."